चौथा भिडू

मेंढीकोट खेळायला चार माणसे लागतात. तीन असली तर डाव बसत नाही, आणि पाच झाली तर एकाला चहा करायला पाठवावे लागते. आमच्या सांगलीच्या घरात हा खेळ तीस-बत्तीस वर्षे चालला. जेवणे आटोपली की शेजारचे अण्णा आणि वहिनी माडीवर येत. एका बाजूला ती दोघे, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघे. पत्त्यांचा जोड एकच होता, आणि त्यातल्या बदामाच्या दश्शीचा एक कोपरा किंचित दुमडलेला होता. तो कोणी दुमडला यावर अनेक वर्षे वाद झाला. प्रत्येकाने दुसऱ्यावर संशय घेतला आणि प्रत्येकाने त्या कोपऱ्याचा फायदाही घेतला.

ही माझी भिडू. एरवी मला 'अहो' म्हणणारी, पाहुण्यांसमोर माझ्याशी अर्ध्या आवाजात बोलणारी बाई. पण हातात तेरा पाने आली की तिचे रूप पालटे. मी हुकूम चुकीच्या वेळी खर्च केला की तिच्या तोंडून निघे, "अरे, मेंढी का सोडलीस!" 'अहो' कुठल्या कुठे गळून पडलेले असे. मग ती जीभ चावी, वहिनी हसत, आणि मी पाने पिशीत बसे. टपालखात्यात मी छत्तीस वर्षे काढली. माझ्या हाताखाली माणसे होती, वरही होती. पण इतक्या तळमळीने माझी चूक कोणी मला दाखवली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत आले. वीज गेलेली, खाली अंधारात पाण्याचा वास. अण्णा आणि वहिनी आमच्याच माडीवर येऊन राहिली होती. त्या दिवसांत आम्ही मेणबत्तीच्या उजेडात किती डाव खेळलो याला गणती नाही. पाणी सातव्या पायरीला लागते का, हे दर डावानंतर पाहून यायचे, आणि हरलेल्या जोडीने पाहून यायचे, असा नियम होता. त्यामुळे मला बरेच जिने उतरावे लागले.

पाणी उतरले. दोन वर्षांनी, २०२१ च्या उन्हाळ्यात, ही गेली. अण्णा-वहिनींना त्यांच्या मुलाने पुण्याला नेले. चारातला मी एकटा उरलो. पत्त्यांचा जोड मी टेबलाच्या खणात ठेवून दिला.

एकटेपणाचे मी फारसे कौतुक करणार नाही. त्याच्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला जाणवले ते निराळेच. सगळी माणसे एकाएकी माझ्याशी फार चांगली वागू लागली. मुलगी मेलबर्नहून फोन करी, ती हळू आवाजात बोले. जावई माझ्या प्रत्येक मताशी सहमत होत. बँकेतली मुलगी "आजोबा, तुम्ही बसा, मी आणून देते" म्हणे. मी पैसे चुकीचे मोजले तरी भाजीवाला हसून उरलेले परत करी. कोणी म्हणून माझ्यावर वैतागत नसे. लहानपणी आट्यापाट्या खेळताना आम्ही एखाद्याच्या धाकट्या भावाला कच्चे लिंबू म्हणून घेत असू. तो धावे, ओरडे, सगळ्यांबरोबर घामाघूम होई. पण तो बाद झाला तर धरायचे नाही आणि त्याने कोणाला बाद केले तर तेही धरायचे नाही, असे ठरलेले असे. त्याला बिचाऱ्याला ते ठाऊक नसे. मला ठाऊक होते, एवढाच फरक.

२०२२ च्या डिसेंबरात मुलगी, जावई आणि नात महिनाभर आली. नात तेव्हा पंधरा वर्षांची. लहानपणी ही मुलगी दर रविवारी फोनवर मला शाळेतल्या मांजरापासून आकाशातल्या ताऱ्यापर्यंत सगळे सांगे. पुढे हळूहळू तिचे बोलणे आटत गेले. "काय चाललंय?" "काही नाही." "शाळा?" "बरी आहे." घरी आल्यावरही ती माडीवर बसून संगणकात डोके घालून खेळत राही. मी एकदा मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर एक हिरवे रान होते, पाऊस पडत होता, आणि तिची एक टोपीवाली मुलगी त्या पावसात नुसती उभी होती. "हे काय करते आहे?" मी विचारले. "काही नाही. तिला पाऊस आवडतो," ती म्हणाली. वर्षभरात तिने मला सांगितलेले ते सर्वांत लांब वाक्य होते.

त्याच दुपारी तिने थट्टेथट्टेत माझ्या संगणकावर तो खेळ चढवून दिला आणि मला एक धनुर्धारी करून दिला. नाव विचारले तेव्हा मी म्हटले, आबा सांगलीकर. खेळाने ते मुकाट्याने घेतले. नवख्या खेळाडूच्या नावाजवळ तिथे एक हिरवा कोंब दिसतो. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावे म्हणून. अडुसष्टाव्या वर्षी मला कोंब फुटला.

जानेवारीत ती मंडळी परत गेली. मी मात्र रोज संध्याकाळी, पूर्वी पत्ते निघत त्या वेळी, संगणक उघडून त्या रानात जाऊ लागलो. हे मी कोणाला सांगितले नाही.

हा खेळ म्हणजे 'फायनल फँटसी' या मालिकेतला चौदावा. जपानच्या स्क्वेअर एनिक्स या कंपनीचा. २०१० साली तो प्रथम आला तेव्हा साफ पडला. कंपनीने तो बंद करून जवळजवळ नव्याने रचला आणि २०१३ मध्ये पुन्हा आणला. जगभरची माणसे त्यात एकाच वेळी वावरतात. बाजारात जा, कोणी मासे विकतो आहे, कोणी वाद्य वाजवतो आहे, कोणी उगाच उड्या मारतो आहे. आणि प्रत्येकाच्या मागे कुठे तरी एक खरा माणूस खुर्चीत बसलेला आहे. ऑस्ट्रेलियाकडच्या खेळाडूंसाठी २०२२ च्या आरंभी निराळी यंत्रशाळा उघडली. माझी नात तिथली, म्हणून मीही तिथला.

एकट्याने हिंडण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. पण कथा पुढे न्यायची तर अधूनमधून एखाद्या गुहेत किंवा गढीत उतरावे लागते, आणि तिथे चौघे लागतात. इथे मी खुर्चीत सावरून बसलो, कारण हा हिशेब माझ्या ओळखीचा होता. एक ढालकरी: त्याने शत्रूचा राग स्वतःवर ओढून घ्यायचा. एक वैद्य: त्याने सगळ्यांच्या जखमा भरायच्या. दोघे मारणारे. पहिली गुहा सस्ताशा नावाची, समुद्रकाठची, चाच्यांची. तिच्या दारापाशी खेळ तुम्हाला विचारतो: माणसांबरोबर जायचे आहे, की आमचे भिडू देऊ?

आमचे भिडू म्हणजे यंत्राचे. हाडामासाचे तिघे मिळवावे लागू नयेत म्हणून संगणकच तिघांना चालवतो. ही युक्ती काही कालची नव्हे. 'गिल्ड वॉर्स' हा खेळ २००५ साली आला तेव्हापासून त्यात भाडोत्री सोबती मिळत. पुढच्याच वर्षी त्यात असे वीर आले की ज्यांची शस्त्रे आणि विद्या तुम्हीच ठरवाव्यात. 'फायनल फँटसी'चा अकरावा खेळ २००२ सालचा. त्यात सहा-सहांच्या टोळ्या जमल्यावाचून साधी प्रगतीसुद्धा होत नसे. वर्षे गेली, खेळाडू पांगले, टोळ्या जमेनात; तेव्हा २०१३ च्या अखेरीस एक मंत्र देण्यात आला, की तो म्हणताच कथेतलीच पात्रे तुमच्या शेजारी येऊन लढू लागतील. त्या सोयीचे नाव 'ट्रस्ट'. आमच्याकडे ट्रस्ट म्हटले की देवस्थान किंवा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. तिथे त्याचा अर्थ खरोखरच विश्वास असा आहे. चौदाव्या खेळात ही सोय २०१९ साली नव्या गुहांसाठी आली आणि एप्रिल २०२२ पासून पहिल्या गुहांनाही लागू झाली. कारण उघड आहे. जुन्या गावातली माणसे नव्या वसाहतीत गेली म्हणजे जुन्या गावात भजनाला टाळकरी मिळत नाहीत. नवा माणूस दारात ताटकळत उभा राहतो. आणि काही माणसे, माझ्यासारखी, टाळकरी मिळाले तरी आत जायला लाजतात.

मी भिडू मागितले. ते लगेच आले.

पुढचे काही महिने मी त्या तिघांबरोबर काढले, आणि त्यांच्याविषयी मला कृतज्ञतेनेच लिहिले पाहिजे. माझी बोटे टंकलेखनाला सरावलेली. पण डाव्या हाताने चालायचे, उजव्याने नेम धरायचा आणि मध्येच तीन क्रमांकाची कळ दाबायची, हे जमायला वेळ लागला. मी भिंतीला धडकत असे. मी बाण सोडायच्या ऐवजी नमस्कार करीत असे. ते तिघे थांबत. मी पुढे झालो की तेही पुढे होत. एकदा ऐन गुहेत मला गॅसवर ठेवलेले दूध आठवले. मी धावत खाली गेलो. दूध गेलेच होते. शेगडी पुसली, पातेले भिजत घातले, सवयीने ओटाही पुसून घेतला आणि वर आलो. तिघे होते तिथेच उभे. "कुठे गेला होता?" नाही, की साधा घसा खाकरणे नाही.

ते कसे चालतात हे मी हळूहळू ओळखले. त्यात जादू नाही, आणि हल्ली ज्याच्याशी गप्पा मारता येतात असा शहाणा संगणकही नाही. वैद्याला सांगून ठेवलेले असते, की अमुक माणसाची शक्ती अमुक हिश्शाच्या खाली गेली की त्याला बरे कर. ढालकऱ्याला सांगितलेले असते, की शत्रू दुसऱ्याकडे वळला की त्याला आपल्याकडे वळव. टपालखात्याच्या नियमपुस्तकासारखेच ते. असे झाले तर तसे करावे, तसे नसेल तर खालील कलम पाहावे. ते फार जलद नसतात. मुरलेली चार माणसे जी गुहा धावत पार करतात तिथे यांना सावकाश वेळ लागतो. पण ते आपले काम चोख करतात, आणि आपल्या वाटेत येत नाहीत.

म्हणून यंत्राच्या भिडूंना नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत होणार नाही. ज्याचे हात थरथरतात, जिच्या मांडीवर तान्हे मूल आहे आणि जिला केव्हाही उठावे लागेल, जो दिवसभर माणसांत बोलून थकला आहे, त्यांनी काय गुहेत कधी जाऊच नये? पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात. नदी त्याला हसत नाही.

फक्त एक गोष्ट मला खटकू लागली. त्या दिवसांत मी त्यांच्याबरोबर लढताना पडलो, तर लढाईच संपे. बाकीचे तिघे धडधाकट असले तरी पडदा काळा होई, आणि आम्ही सगळे पुन्हा लढाईच्या आधी उभे. माझी चूक पुसली जाई. तिघांपैकी कोणालाही तिची आठवण नसे. पहिल्या दिवशी हे मला दयेचे वाटले. नवव्या वेळी मी गुहेच्या तळाशी पोहोचलो, तिथला माशासारख्या अंगाचा दात विचकणारा राक्षस मारला, आणि मला एकदम बँकेतली ती मुलगी आठवली. "आजोबा, तुम्ही बसा." मी जिंकलो होतो, पण माझे बाद होणे जिथे धरतच नव्हते, तिथे माझे जिंकणे तरी कोणी धरले होते?

२०२३ च्या जुलैतला एक रविवार. आमच्याकडे दुपारचा एक, त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. फोनवर नात. "काय चाललंय?" "काही नाही." पुढे शांतता. मला ती शांतता सहन झाली नाही, आणि मी माझे गुपित सांगून टाकले. म्हटले, "तो तुझा खेळ मी अजून खेळतो. पण कोणाला सांगू नकोस. मी माणसांबरोबर नाही खेळत. यंत्राचे भिडू घेतो. मला माणसांची भीती वाटते."

बराच वेळ उत्तर आले नाही. मला वाटले, फोन तुटला.

"मी पण, आबा," ती म्हणाली.

मग तिने सांगितले. घर बदलल्यामुळे तिची शाळा बदलली होती. जुन्या शाळेतल्या तिघी मैत्रिणी आणि ही, अशा चौघी रोज रात्री गुहांत उतरत. शाळा बदलल्यावर त्या तिघींनी चौथी कोणी तरी शोधली. भांडण नाही, काही नाही. नुसते एक दिवस हिला बोलावणे आले नाही. अनोळखी लोकांबरोबर एकदा गेली, तिथे कोणी तरी तिला घालूनपाडून बोलले. तेव्हापासून ती यंत्राच्या भिडूंबरोबर जात होती. "ते बरे असतात. ते सोडून जात नाहीत." हे तिने आईलासुद्धा सांगितले नव्हते.

मी घरातला मोठा माणूस. अशा वेळी काही तरी शहाणपणाचे बोलावे, असे मला वाटले. सुचले काही नाही. मी म्हटले, "मग आपण दोघे जाऊ. आपण दोघे आणि यंत्राचे दोन."

ती हसली. "तसं नाही करता येत, आबा."

आणि खरोखरच तसे करता येत नव्हते. त्या खेळाचा नियमच असा होता, की यंत्राचे भिडू हवे असतील तर माणूस एकटाच असला पाहिजे. एक माणूस आणि तीन यंत्रे, नाही तर चारी माणसे. दोन माणसे एकत्र आली, की उरलेल्या दोन जागाही माणसांनीच भरायच्या. आणि ती माणसे खेळ देईल ती. माझ्याकडे एक भोपळा, तिच्याकडे एक भोपळा. दोघांनी हात धरायचा तर दोघांनीही भोपळे सोडायचे.

तीन रविवार आम्ही त्यावर नुसतेच बोललो. पण बोललो. गुहेत कोणती वाट कुठे जाते, कोणत्या रंगाच्या पोवळ्याला हात लावायचा, या विषयावर तिने मला तासतासभर ऐकवले. तिने नव्याने वैद्यकी शिकायला घेतली. "तुम्ही पडणार, मला माहीत आहे," ती म्हणाली. चौथ्या रविवारी, फोन कानाशी धरून, आम्ही नाव नोंदवले. थोड्याच वेळात दोन अनोळखी माणसे येऊन उभी राहिली. एक ढालकरी, एक भालाईत. कोण, कुठले, किती वर्षांचे, काही कळायला मार्ग नाही. दोघांनी हात हलवून नमस्कार केला. माझे तळहात ओले झाले होते.

अर्धी गुहा बरी गेली. ढालकरी वेगाने पळत होता आणि मी त्याच्या मागे धापा टाकत होतो, म्हणजे खुर्चीत. तळाशी तो मत्स्यराक्षस. त्याच्या दालनात पाण्यातून मधूनच बुडबुडे येतात. ते दिसताच कोणी तरी तिथे जाऊन ते बंद करायचे असतात. नाही केले तर तिथून त्याचे साथीदार वर येतात. हे बुडबुडे मी आधी नऊदा पाहिले होते. पण त्यांना काही अर्थ आहे, हे मला कधी शिकावे लागले नव्हते. साथीदार वर आले की माझे भिडू निमूट त्यांना मारीत. इथे ढालकऱ्याने गृहीत धरले, की गुहा पाहिलेला धनुर्धारी मोकळा आहे, तो बुडबुडे पाहील. धनुर्धारी नेम धरण्यात गुंग होता. एक आला, दुसरा आला. ते नातीच्या मागे लागले. फोनमधून किंकाळी आली:

"आबा! बुडबुडे! अरे, तू बघत काय उभा राहिलायस!"

मी धावलो, आणि धावता धावता पडलो.

आता पडदा काळा होईल, म्हणून मी वाट पाहिली. तो झाला नाही. मी जमिनीवर मेलेला पडलो होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर ते तिघे लढत होते. हे दृश्य मी कधी पाहिले नव्हते. माझ्यावाचून लढाई चालू होती, आणि माझ्यामुळे ती अवघड झाली होती. माझी चूक तिथे तशीच्या तशी शिल्लक होती. तिची किंमत ढालकरी देत होता, भालाईत देत होता, ती पोर देत होती. ढालकऱ्याने घाईघाईने दोन शब्द टंकले: राहू दे त्याला. त्याचे म्हणणे चूक नव्हते. मेलेल्याला उठवण्याचा मंत्र वैद्याकडे असतो. पण तो म्हणायला आठ सेकंद लागतात, तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणावर उपचार करता येत नाहीत, आणि तिच्या दहा हजार शक्तीतली चोवीसशे एका फटक्यात खर्च होते. ढालकऱ्याची शक्ती निम्म्यावर आली होती.

फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. तिने मंत्र सुरू केला.

आठ सेकंद म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कळले. ढालकरी घटत चालला. भालाईत मागे वळून एका साथीदाराला आपल्या अंगावर घेऊ लागला. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते. मग माझ्या पडद्यावर प्रश्न आला: उठायचे आहे काय? मी कळ इतक्या जोराने दाबली की टेबलावरचा चष्मा खाली पडला.

उठलेला माणूस शंभर सेकंद अशक्त असतो. त्याचे बाणही हलके लागतात. मी बाण मारलेच नाहीत. मी दालनभर फक्त बुडबुडे शोधत पळत होतो, आणि ती कानात ओरडत होती, "डावीकडे! अरे, डावीकडे! दुसरी डावी!" आम्ही जिंकलो तेव्हा ढालकऱ्याच्या अंगात जेमतेम प्राण होता.

मी लिहिले, क्षमा करा, चूक माझी. भालाईताने एक उडी मारली आणि तो गेला. ढालकरी क्षणभर थांबला. मला वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार. त्याने लिहिले: पुढच्या वेळी बुडबुडे तुझ्याकडे.

आणि तोही गेला. तो मला पुन्हा कधी भेटला नाही, भेटणारही नाही. पण 'पुढच्या वेळी' हे शब्द त्या तिघा गुणी यंत्रांनी मला कधी म्हटले नव्हते. त्यांना माझ्याकडून कसली अपेक्षाच नव्हती. म्हणून ते रागावलेही नाहीत.

फोनमध्ये थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तिच्या एकदम लक्षात आले. "आबा, सॉरी हं. मी तुम्हाला अरे-तुरे केलं."

मी काही बोलू शकलो नाही. चष्मा शोधण्याचे निमित्त करून मी टेबलाखाली वाकलो.

त्यानंतर आम्ही बऱ्याच गुहा पाहिल्या. सगळे ढालकरी काही सज्जन निघाले नाहीत. एक जण मध्येच शिवी देऊन निघून गेला. त्या रात्री नात जेवली नाही असे मुलीकडून कळले, आणि पुढच्या रविवारी ती येईल की नाही याची मला धास्ती होती. आली. आम्ही दोघेही थकलेले असलो की आपापल्या यंत्रांकडे जातो आणि तसे एकमेकांना सांगतो. त्यात चोरी उरलेली नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या दुसऱ्या मोठ्या खेळात २०२४ च्या जानेवारीपासून काही गुहांत माणसे कमी पडली तर तेवढेच भिडू यंत्राचे मिळतात, असे तिने मला सांगितले. पाचांच्या टोळीत दोन माणसे आणि तीन यंत्रेही चालतात. "तिकडे जायचं का, आबा?" तिने विचारले. मी म्हटले, बघू. पण मला आमच्या खेळाच्या त्या आडमुठ्या नियमाविषयी मनात आदर आहे. त्याने आम्हाला सोय दिली असती, तर त्या दोन यंत्रांच्या आडोशाला आम्ही दोघे फार सुखाने लपून राहिलो असतो.

या दिवाळीत ती मंडळी येणार आहेत. मुलगी, जावई, नात आणि मी, चार होतात. जावयांना मेंढीकोट येत नाही आणि त्यांचे माझ्या प्रत्येक मताशी सहमत होणे अजून चालू आहे; पण हातात तेरा पाने आली की माणसाचे काय होते, हे मी पाहिलेले आहे. नात माझी भिडू, हे तिने आधीच कळवले आहे. "नीट खेळा, नाही तर बघा," असेही कळवले आहे.

पत्त्यांचा जोड खणातून काढून ठेवला. पाने पुराची दमट हवा खाल्ल्यामुळे थोडी फुगली आहेत आणि पिसायला जड जातात. बाजारातून नवा जोड आणावा असे मुलगी फोनवर म्हणाली. मी मोजून पाहिले. बावन्नच्या बावन्न आहेत. बदामाच्या दश्शीचा कोपरा अजून दुमडलेलाच आहे. तो मी सरळ केला नाही.